चौदा डिग्री

जानेवारी अठ्ठ्याण्णवमध्ये जळगावच्या आमच्या ऑफिसात मी एक पराक्रम केला. रोजचं तापमान धुळ्याच्या डेटाबेसमधून आमच्या एक्सेल शीटमध्ये यायचं. फाइल उघडली की 'लिंक अपडेट करू का?' असं विचारून कॉम्प्युटर जो बसायचा, तो चहा पिऊन झाला तरी उठायचा नाही. मी पाच ओळींचा कोड लिहून सगळ्या लिंका तोडल्या. मग तर माउसला हात लावायच्या आधीच फाइल उघडायला लागली! साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली.

मे महिन्यात भिंतीवरच्या कॅलेंडरलासुद्धा घाम फुटला, आम्ही सगळे तर शिजूनच निघालो. टायपिस्ट बेबाबाई मला म्हणाल्या, "आबा, बठ्ठा शिजी गयात, आते तरी कूलर लावा!" पण नियम असा, की शीटवर चाळीसच्या वर आकडा दिसल्याशिवाय कूलर लावायचा नाही.

मी कूलर मागायला गेलो, तर साहेबांनी एसी केबिनमध्ये बसून शीट उघडली. लिंका तुटल्यापासून नवा आकडाच आला नव्हता, जानेवारीतला तसाच होता. "चौदा डिग्रीत कूलर? आबा, तुम्हाला थंडी वाजत नाही का हो?"



'लिंका कोणी तोडल्या?' हा प्रश्न येण्याआधी मी कानांना मफलर गुंडाळला.