तिसऱ्या हाकेआधी

लढाई पेटली तशा विलायतेतल्या मैफली बंद पडल्या, आणि पियानो वाजवणाऱ्या खुर्शेदबाई तानसा तलावाकाठच्या बंगल्यात राहायला आल्या. आता चार वर्षांच्या खंडानंतर मुंबईत त्यांचा कार्यक्रम ठरला होता, आणि एका अवघड तुकड्यात त्यांचं बोट रोज अडखळत होतं.

त्या दुपारीही अडखळलं. पाण्यापलीकडच्या डोंगरातून तोच तुकडा परत आला, पण न अडखळता.

स्वयंपाक करणारी जना दारात आली. "बाई, त्याला ओ देऊ नका. रानातून हाक आली तर आमी पहिल्या हाकेला बोलत नाय. माणूस असला तर तीनदा हाक मारील."

"डोंगरच परत वाजवतोय, जना."

दुसऱ्या दिवशी बाईंनी पियानो उघडण्याआधीच पलीकडून तो तुकडा आला. जनाने त्यांचे हात धरले. "थांबा बाई. अजून दोनदा होऊ द्या."

हात सोडवून बाईंनी तो वाजवला; जना त्यांच्या शेजारीच उभी राहिली. पहिल्यांदाच बोट अडखळलं नाही. त्या हसल्या, आणि पलीकडे कान लावून बसल्या.

पुढचा तुकडा पाण्यापलीकडून आला नाही. तो स्वयंपाकघरातून आला.