हुरहुरीचे गुण

फोन आला तेव्हा वैजयंताबाई ढगे चहा गाळत होत्या.

"मॅडम, तुमचं कॉलेज यंदा पहिलं आलंय! मुलीचा अर्ज कुठे भरायचा?"

कॉलेज बंद होऊन सहा वर्षं झाली होती, तिथे आता कांद्याचं गोदाम होतं. शेवटच्या प्राचार्या त्याच. क्रमवारी ठरायची ती तिथे शिकलेल्या-शिकवलेल्यांच्या मनगटावरच्या, हुरहूर मोजणाऱ्या पट्ट्यांवरून. कॉलेज आठवून जीव जितका हुरहुरेल, तितके गुण. पण चालू कॉलेजसाठी कुणाचा जीव हुरहुरतो? म्हणून तेव्हा शेवटचा नंबर आला आणि टाळं लागलं. यादीतून नाव काढायचं मात्र राहून गेलं.

"अर्ज नाही हो घेत आता," त्या म्हणाल्या, आणि त्यांना प्रयोगशाळेतला गंधकाचा वास आठवला.

मनगटावरची पट्टी हलकेच थरथरली. कॉलेजला आणखी एक गुण मिळाला होता.