डाव्या पंखाचा रंग

"ह्यो कुठला रंग लावलाय रं?"

पोराने बनवलेलं विमानाचं मॉडेल नारायणने खिडकीपाशी उजेडात धरलं. मोबाइलवरच्या फोटोत लढाऊ विमानाच्या डाव्या पंखावर गर्द हिरवा पट्टा होता. अनयने लावलेला पट्टा तपकिरी होता, चिखलासारखा. आधीची चार विमानं कपाटावर मांडलेली होती, एकेक रंग फोटोबरहुकूम. कळस गावातल्या या घरी येणाऱ्या पाहुण्याला चहाआधी ती बघावीच लागत.

आणि नेमकं हेच बिघडलं. उद्या शाळेत अनयचा सत्कार होता. एनडीएची लेखी झाली, मुलाखत झाली, सोमवारची मेडिकल तेवढी राहिली होती. पण गावाला कुठला धीर! चौकात फ्लेक्स लागलासुद्धा. अनयचा फोटो, मागे विमान, खाली 'भावी वैमानिक'. सत्काराच्या टेबलावर हे पाचवं विमान ठेवायचं, असं नारायणने हेडमास्तरांना कबूल केलं होतं.

"धांदरट ते धांदरटच," तो म्हणाला, पण रागाने नाही. त्याचा एक ठरलेला किस्सा होता. नऊ वर्षांच्या अनयला टोमॅटो तोडायला लावलं, तर पोराने क्रेटभर कच्चेच तोडून ठेवले. इंदापूरच्या बाजारात व्यापाऱ्याने चारचौघांत क्रेट परत केलं. नारायणने तिथल्या तिथे पोराच्या कानफटात दिली. "शेतात ध्यान न्हाय, म्हणून आभाळात धाडतोय," असं म्हणून तो पाहुण्यांबरोबर हसायचा. अनयही हसायचा.

पद्मा हात पुसत स्वयंपाकघरातून आली. पंखाकडे तिची नजर गेली.

"माझीच चूक हाय," ती घाईने म्हणाली. "बाटल्या पुसताना मी इकडच्या तिकडं केल्या."

बाटल्यांना तिने हातही लावला नव्हता. प्रत्येक नव्या बाटलीवर ती चिकटपट्टी लावायची आणि पेनाने रंगाचं नाव लिहायची. रंग कालवायचा झाला की आधी तिच्या नजरेखालून जायचा. कारण अनयला काही रंग वेगळे ओळखूच येत नव्हते. पद्माच्या वडिलांचंही तेच. बायकोला लुगडं घेतानासुद्धा ते रंग दुकानदाराला विचारायचे. पोरात हे उतरलंय म्हणून सासरी कळलं असतं, तर सगळं खापर तिच्या माहेरावर फुटलं असतं. म्हणून ती गप्प राहिली, पोरालाही गप्प ठेवलं, आणि मग ते अंगवळणीच पडलं. मेडिकलमध्ये रंग ओळखता येतात का ते तपासायला दाखवतात, त्या रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे गेला महिनाभर ती त्याच्याकडून पाठ करून घेत होती.

"अन् पट्ट्या कुठं गेल्या ह्यांच्यावरच्या?" नारायणने एकेक बाटली उचलून पाहिली. सगळ्या कोऱ्या होत्या.

"मी काढल्या," अनय म्हणाला.

"अरं, गप की," पद्मा पुटपुटली.

"किती दिवस गप बसू? विमानात शेजारी बसून तू रंग सांगणार हायस का?" तो आईकडे न बघता बोलला. मग वडिलांकडे वळला. "तात्या, ह्या दोन्ही बाटल्या मला एकच दिसत्यात. पहिल्यापासनंच. म्हणलं, एकदा तुमच्या डोळ्यानं बघा. सोमवारी मी न्हाय जाणार."

नारायणने पद्माकडे पाहिलं. "तुला ठावं होतं?"

तिने होकाराची मान हलवली आणि पदर तोंडाला लावला.

नारायण खाटेवर बसला. ओला रंग त्याच्या अंगठ्याला लागला होता, तो धोतराला पुसायचंही त्याच्या ध्यानात आलं नाही. फ्लेक्स, हेडमास्तर, उद्या जमणारी माणसं, सगळं त्याच्या ओठांवर येऊन परत गेलं. संताप येईल म्हणून तो वाट बघत राहिला. तो आलाच नाही. हातातल्या विमानावरचा पट्टा त्याने पुन्हा एकदा उजेडाकडे वळवून पाहिला.

मग त्याने विचारलं, "अन् त्या दिवशीचं क्रेट?"

अनयने विमान हळूच त्याच्या हातातून काढून घेतलं.

"सगळे लालच दिसत व्हते, तात्या."