पिठावर उमटलेलं मॉडेल

दुपारी लातूरच्या माळावर लुंबिनीची पहिली डर्टबाइक शर्यत होती आणि सकाळीच इंजिनातलं ठिणगी पाडणारं मॅग्नेटचं चाक तडकलं. भंगारातून आणलेली तसलीच दोन चाकं तिनं गॅरेजवाल्या मडिवाळप्पा मास्तरांपुढे ठेवली. एक तिच्या गाडीच्या सालचं, दुसरं नंतरचं. दिसायला मात्र जुळी. चुकीचं बसलं तर ठिणगी अवेळी पडून गाडी चालूच होणार नव्हती. "कोणतं, मास्तर?" "मलाच काय विचारतीस? कडेचा उंचवटा मोज, ठिणगीची वेळ त्याच्या लांबीवरच ठरती." गोल कडेवर पट्टी बसेना. लुंबिनीनं गॅरेजमागच्या स्वयंपाकघरातून मास्तरीणबाईंनी मळलेला ज्वारीच्या पिठाचा गोळा पळवला, फळीवर थापला आणि तडकलेल्यासह तिन्ही चाकं त्यावरून फिरवली. एकाच्या उंचवट्याची खूण तडकलेल्याइतकीच लांब उमटली, दुसऱ्याची नखभर जास्त. तिनं जुळणारं बसवून किक मारली, गाडी गरजली. ग्रीसनं काळंकुट्ट झालेलं पीठ पाहून मास्तरीणबाई ओरडल्या, "आता जिंकूनच ये, न्हाईतर ह्याचीच भाकर खाऊ घालते तुला!"