सोमवारची खिचडी

फोटो खिचडीचा होता. बशीत साबुदाण्याची खिचडी, कडेला लिंबाची फोड. खाली निकेतनं लिहिलं होतं, ‘कशी झालीय?’

स्वातीनं खिचडीकडे पाहिलंच नाही. तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि बशीच्या आजूबाजूला शोधलं. एखादी बांगडी, ओढणीचं टोक, समोर दुसरी बशी. काही दिसलं नाही. पण दिसलं नाही म्हणजे नाहीच, असं थोडंच असतं?

तिनं विचारलं, ‘साबुदाणा कुठून आणलात?’

उत्तर लगेच आलं. ‘संचितानं आणला, नाशिकहून. खास.’

खास! स्वातीनं फोन ओट्यावर पालथा ठेवला.

निकेत कंपनीची मशीन बसवायला पोलंडला गेला होता. दोन महिन्यांचं काम सहावर गेलं होतं. सुरुवातीला रोज फोनवर रडगाणं. ब्रेड दगडासारखा. लॉन्ड्रीतून शर्ट दुसऱ्याचाच आला. दुपारी साडेतीनला अंधार पडतो, मग जेवायचं कधी आणि झोपायचं कधी? मीटिंगमध्ये सगळे आपापसात पोलिश बोलतात आणि शेवटी याच्याकडे बघून हसतात. रविवारी दुकानं बंद. टॉयलेटमध्ये पाणी नाही, बाटली घेऊन जावं लागतं.

इकडे गोडदेवच्या घरात भाजी चिरता चिरता स्वाती हे सगळं ऐकायची. ऐकताना जीव तुटायचा. पण आत कुठंतरी बरंही वाटायचं. इतक्या लांबून तो कुरकुरायचा तो तिच्याचपाशी.

मग महिन्यापूर्वी ऑफिसची संचिता तिकडे गेली आणि कुरकुर थांबली.

“ब्रेड?”

“ठीक आहे गं.”

“शर्ट?”

“मिळाले की.”

माणूस तक्रार करायचा थांबत नाही, स्वातीनं मनाशी म्हटलं. ऐकणारी बदलते.

आणि आज हे. एखाद्या बुधवारी पावभाजी करून घातली असती तर एक वेळ सोडून दिलं असतं. पण आज सोमवार. निकेत सुखरूप घरी यावा म्हणून स्वातीनं अकरा सोमवार बोलले होते, आणि त्यातल्याच एका सोमवारी तो तिसऱ्याच बाईच्या हातची खिचडी खात होता. उपास माझा, फराळ तिचा.

उपासाच्या दिवशी कुणाला वाकडं बोलायचं नाही, हा तिचा नेम होता. लिहायचं नाही, असं कुठं म्हटलंय? तिनं फोन उचलला. कंपनी आणखी सहा महिने थांबायला सांगतेय, काय कळवू, असं निकेतनं कालच विचारलं होतं. तिनं टाइप केलं, ‘थांबा तिथंच. इथं कुणाचं काही अडलेलं नाही.’

“तोंड का असं गं पाडलंस?” सासूबाई, सरूबाई, दिवा लावायला काडेपेटी शोधत आत आल्या होत्या. “सकाळपासून केळ्यावर आहेस. खाऊन घे काही.”

“तुमच्या मुलानं खाल्लं की, आई. माझं पोट भरलं.” तिनं फोन पुढे केला. “त्यांच्या ऑफिसातली आहे एक. नाशिकची. तिनं करून घातलीय.”

सरूबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, फोन लांब धरला, मग जवळ आणला.

“नाशिकची?”

“हो.”

“नाशिकची बाई उपासाच्या खिचडीत हळद घालंल?”

स्वातीनं पहिल्यांदा खिचडीकडे पाहिलं. पोह्यांसारखी पिवळीधमक. साबुदाण्याचे गोळे झालेले. कूट नाहीच, शेंगदाणे अख्खेच.

“ही कुठल्या बाईनं केलेलीच नाय,” सरूबाई म्हणाल्या. “हा माझ्याच दिवट्याचा उद्योग.”

न पाठवलेलं एकेक अक्षर स्वातीनं पुसून टाकलं. मग तिनं व्हिडिओ लावला. निकेत दिसला, आणि फोन धरलेली त्याची पिवळी बोटंही.

“स्वयंपाक कधीपासून करताय?”

“झाला महिना. आईनं झापलं ना मला. मी रडगाणं लावलं की तू जेवत नाहीस म्हणाली. म्हटलं, आपलं आपण निस्तरावं.”

सरूबाई एकदम खिडकीबाहेर बघायला लागल्या.

“आणि संचिता?”

“तिनं साबुदाणा दिला आणि भिजवायचा कसा ते सांगितलं. पुढचं मला येतं म्हटलं मी तिला.” तो हसला. “येत नव्हतं.”

“उपास कसला पण?”

“तुझाच की. मीपण धरलेत, तू धरलेस त्या दिवसापासून. अकरा झाले की घरी. कंपनी म्हणते सहा महिने, मी म्हणतो अकरा सोमवार.” मग त्याचा चेहरा पडला. “पण स्वाती, अर्धी बशी संपल्यावर डोक्यात आलं. हळद चालते का गं उपासाला? नसेल चालत तर आजचा मोडला. म्हणजे परत पहिल्यापासून धरायचे?”

उपासाचं मीठ स्वाती वेगळ्या डब्यात ठेवायची. जिऱ्यात चुकून एक मोहरी दिसली, तर पातेलंभर फराळ गायीला घालायची. तिनं देव्हाऱ्याकडे पाहिलं. दिवा अजून लावायचा होता.

“चालते,” ती हळूच म्हणाली.

“नक्की? तू असं का बोलतेयस?”

“अरे, न चालायला काय झालं?” मागून सरूबाई ओरडल्या. “आपल्या गावाकडं रायगडात तर हळदीशिवाय कुणी करतच नाय!”