बाद पुंगळ्या

शारजाच्या शूटिंग क्लबमध्ये मी वीस वर्षं रायफलची काडतुसं भरतोय. वापरलेल्या पुंगळीच्या बुडातल्या भोकात नवा प्रायमर, म्हणजे बार पेटवणारी टिकली, ठेवायचा आणि हँडप्रेसचा दांडा अंगठ्याने दाबायचा. जोर लावावा लागला तर पुंगळी चांगली. अलगद बसला तर भोक सैल, पुंगळी बाद. हे ओळखायचं ते अंगठ्यानेच. शुगरने माझे पाय बधिर केलेत, पण हे काम हाताचं. आज सकाळपासून सगळेच प्रायमर अलगद बसत होते. बाद पुंगळ्यांनी बादली भरली. “अख्खा लॉट भंगार आहे, खलास!” मी नागेशवर खेकसलो. माझ्याच हाताखाली शिकलेल्या नागेशने उरलेल्यांतल्या चार पुंगळ्या भरून पाहिल्या. “हमदुल्लाभाई, या तर घट्ट आहेत.” “मला शिकवतोस?” मी दांडा हिसकावून दाबला. अलगद. नागेश माझ्या हाताकडे बघतच राहिला. “भाई, रक्त...” दांडा लाल झाला होता. मी विचारलं, “कोणाचं?”