डिमरची परीक्षा

भगभगीत उजेडात पेपर वाचताना डोळे चुरचुरतात, म्हणून तात्यांनी हॉलमध्ये डिमर बसवून घेतला. त्याला चालणारे बल्बही इलेक्ट्रिशियनला दहादा विचारून स्वतः निवडून आणले.

संध्याकाळी ते पेपर उघडून बसले आणि माई बोलू लागल्या. त्यांच्या धाकट्या बहिणीच्या बाल्कनीत वरच्या बाईच्या कुंड्यांचं पाणी गळत होतं. शेवटी आज बहीण तरातरा जिना चढून भांडायला गेली. एवढं सांगूनही पेपरामागून नुसतं "हं" आलं. लग्न झाल्यापासून माई हेच ऐकत होत्या, पण आज ते मनाला लागलं.

"याच्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं," असं पुटपुटत त्या उठल्या आणि त्यांनी डिमर थोडा कमी केला.

"हं."

आणखी कमी केला.

"हं."

समोरचं माणूस जेमतेम दिसेल इतकाच उजेड उरला, तरी तात्यांनी शांतपणे पान उलटलं.

"अहो, या अंधारात वाचताय तरी काय?"



"वाचतंय कोण," पेपरामागून आवाज आला. "त्या वरच्या बाईने दार उघडलं का, ते सांग ना आधी."